मिलाला दोन नावं लागतात

गोड बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. दोन नवऱ्यांनी मला एवढं एकच शहाणपण दिलं. त्यामुळे एलिंगहॅम नावाचा तो वकील पहिल्यांदा बेकरीत आला आणि काउंटरशी उभा राहून ‘अहाहा, काय वास सुटलाय!’ म्हणाला, तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ड्रागा, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. वास आवडलेला माणूस काहीतरी विकत घेतो. यानं पाव सोडा, साधं बिस्कीटही घेतलं नाही. उलट मिलाच्या हातात एक छापील कागद ठेवून गेला.

मिला टिर्पाक म्हणजे माझी मालकीण, आणि मालकीण असूनही मैत्रीण. पिट्सबर्गच्या खाली, नदीच्या वळणावर आमचं गाव. पोलादाचा कारखाना बंद पडला, मिलाचा नवरा गेला, निम्मं गाव उठून गेलं, पण तिची बेकरी चालूच राहिली. बाई हाडापेरानं दणकट, बोलायला फटकळ. रविवारी टेकडीवरच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर. बुधवारी नि शुक्रवारी कडक उपास, आणि उपासाच्या दिवशी क्रीमची चव बघायचं काम माझ्याकडे. मी सर्बियन चर्चची. माझा देव तिच्या देवापेक्षा जरा ढिला आहे असं तिचं मत होतं.

आमच्या भागात लग्नातल्या केकला कुत्रं विचारत नाही. केक फोटोपुरता. लग्न जोखायचं ते कुकीच्या टेबलावर. आत्या, मावश्या, शेजारणी महिनाभर भाजत बसतात आणि हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल भरून टाकतात. जिची कुकी टेबलावर, ती त्या लग्नाची माणूस. मधोमध नवरीच्या नानाश्काचं ताट. नानाश्का म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जिनं पोर हातात धरलं ती धर्ममाय. ती वारली असेल तर त्या जागी रिकामी प्लेट ठेवतात आणि तिच्यात कोणी काही घालत नाही. ज्यांना आत्या-मावश्या उरल्या नाहीत ते मिलाकडे येत, खास करून लेडी लॉकसाठी. कपडे वाळत घालायच्या जुन्या लाकडी चिमट्याभोवती पिठाची पट्टी गुंडाळून भाजायची, मग चिमटा ओढून काढायचा आणि पोकळीत क्रीम भरायचं. हल्ली सगळे पत्र्याच्या नळ्या वापरतात. मिलाकडे तिच्या आईचे चिमटे होते.

आणि मिलाला दोन नावं लागत. लग्नाची ऑर्डर घेताना तारीख नंतर, नावं आधी. पीठ मळून झालं की ती अंगठ्यानं त्याच्यावर क्रूस काढायची आणि म्हणायची, ‘देवा, अमका आणि तमकी, यांच्या घराचं दार उघडं ठेव.’ मगच लाटणं हातात. तिची आई हेच करायची. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नसे. त्यांना वाटे, डब्यावर चिकटवायला विचारत असेल.

मग दूरच्या कुठल्याशा राज्यातली बातमी आली. एका बेकरीवाल्यानं दोन पुरुषांच्या लग्नाचा केक नाकारला आणि प्रकरण कोर्टात गेलं. टीव्हीवर रोज तेच. चर्चच्या पायऱ्यांवर तेच. मिलाच्या मनानं घेतलं की आता आपला नंबर.

इथं मला तिची बाजू सांगायला हवी, नाहीतर तुम्ही तिला सोलून काढाल. पोस्टाजवळ दोघं पुरुष एकत्र राहतात, वॉलेस आणि त्याचा तो. दरवर्षी दोघांच्या वाढदिवसाचे केक मिलाच करते. एकदा वॉलेसला न्यूमोनिया झाला तर आठवडाभर सूप घेऊन जात होती. पण लग्न म्हटलं की तिचं गाडं अडायचं.

“वाढदिवस माणसाचा असतो, ड्रागा. लग्न देवाचं असतं.”

“माझी दोन्ही लग्नं देवाचीच होती ना? मग तेव्हा कुठं गेला होता तो?”

“तुझी निवड बघून डोळे मिटून बसला असेल.”

असं आमचं चालायचं. पण एलिंगहॅम येऊन गेल्यापासून चेष्टा आटली. त्या कागदावर एक भाषण होतं. कोणी ‘तसलं’ लग्न घेऊन आलं तर काय म्हणायचं, शब्द न् शब्द. ‘माझी कला हे माझ्या श्रद्धेचं प्रकटीकरण आहे’, वगैरे. मिला चष्मा लावून पाठ करायची. मी म्हटलं, “कला? तू कधीपासून कलावंत झालीस गं? काल तर म्हणत होतीस पाठ मोडली.” ती म्हणाली, “तुला हसू येतंय. तो म्हणाला, ही माणसं मुद्दाम गिऱ्हाईक बनून येतात. सापळा लावतात.”

एकदा का सापळा म्हटलं की उंदीर नसलेल्या घरातही खुडबुड ऐकू येते. मिला प्रत्येकीला न्याहाळू लागली. मग तारखेबरोबर चर्चचं नाव. मग ‘नवऱ्यामुलाला घेऊन ये.’ एक दिवस कोवाल्स्कींची लेक आपल्या लग्नाची ऑर्डर द्यायला मैत्रिणीला घेऊन आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून खिदळत होत्या. मिलानं आव पाहिला ना ताव, तो कागद काढला आणि घडाघडा म्हणून दाखवला. संध्याकाळी पोरीची आई आली. तिचा होणारा जावई कोस्ट गार्डमध्ये, बोटीवर होता बिचारा. आईनं मिलाचा असा उद्धार केला की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला.

“मिला,” मी म्हटलं, “दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. तुझं तर तोंडही पोळलेलं नाही.”

“पोळायची वाट बघू?” ती म्हणाली. पण तिची मान खाली होती.

ईस्टरनंतरची गोष्ट. दुपारी दुकान रिकामं असताना एक उंच बाई आत आली. तिशीची असेल. कामाचे बूट, नखांत रंग, आणि बाहेर शिड्या लादलेला ट्रक. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि आमच्या गावात न पाहिलेलं माणूस म्हणजे एकतर वसुलीवाला, नाहीतर वाट चुकलेला. तिनं काचेतल्या मालाकडे बघितलंसुद्धा नाही.

“लग्नाच्या टेबलासाठी लेडी लॉक हव्यात. लाकडी चिमट्यांवरच्या. नळ्यांवरच्या नकोत.”

माझे कान टवकारले. चिमट्यांचं या परकीला कोणी सांगितलं? मिलानंही हात पुसले.

“नावं?”

“नावांची गरज आहे का?”

“माझ्याकडे आहे.”

“मी खोटं सांगू शकत होते,” ती बाई म्हणाली. “मला तसंच सांगून पाठवलं होतं. पण गाडी लावताना ठरवलं, खोटं नाही बोलायचं. फक्त ऑर्डर घेता का एवढंच विचारायचं.”

मिलाचा चेहरा पांढराफटक पडला. सापळा! तिला वाटलं, हाच तो. तिनं गल्ल्याखालचा कागद काढला. पाठ असूनही वाचून दाखवला. ‘माझी कला... माझ्या श्रद्धेचं...’ ती बाई मध्ये बोलली नाही, चिडली नाही, फोन काढून काही टिपलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग “बरं” म्हणाली आणि गेली.

सापळा लावणारा माणूस असा ‘बरं’ म्हणून जातो होय? मला राहवलं नाही. एप्रनवरच रस्त्यावर धावले. ती ट्रकमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती.

“ए बाई! तुला पाठवलं कुणी?”

तिनं काच खाली केली. “आता काय उपयोग? थेक्लानं. लग्न आम्हा दोघींचंच आहे.”

थेक्ला! मिलाची धर्मकन्या. मिलाच्या जिवलग मैत्रिणीची, अ‍ॅनाची, लेक. अ‍ॅना कॅन्सरनं गेली तेव्हा पोर शाळेत होती. तिला मिलानं वाढवलं, याच भट्टीमागच्या खोलीत. स्टुलावर उभी राहून चिमट्यांना पीठ गुंडाळायची आणि अर्धं पीठ खायची. आता गाडीनं तीन तासांवर, कोलंबसला नर्स होती. नाताळला आणि ईस्टरला नेमानं फोन करायची. मिलाला पोटचं मूल नाही. जे काही होतं ते हे एवढंच.

मी परत आत आले आणि सरळ सांगितलं. गोड करून सांगणं मला जमत नाही.

“तुझ्या थेक्लाचं लग्न आहे. त्या बाईशी. आणि तू तिला वकिलाचा कागद वाचून दाखवलास.”

मिला पिठाच्या गोणीवर बसली. मग म्हणाली, “ती स्वतः का नाही आली?”

“आली असती तर तू काय विचारलं असतंस?”

“नावं.”

“मग?”

मला राग आला, खरंच सांगते, डोक्यात तिडीक गेली. “जगातल्या प्रत्येक पोरीला तू विचारतेस, मुलगा कोण, त्याचं नाव काय. थेक्लाला इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंस? नाही विचारलंस. कारण उत्तर तुला माहीत होतं. मला संशय होताच.”

“तुला कुणाचा संशय नसतो?” ती म्हणाली, आणि उठून भट्टीकडे गेली. नाकारलं मात्र नाही.

लग्न जूनमध्ये, पलीकडच्या गावातल्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, असं न्हाव्याकडून कळलं. थेक्ला ज्यांना काका-मामा म्हणायची त्या कारखान्यातल्या जुन्या लोकांना आमंत्रणं गेली होती. मिलाला नाही. मिला फादर बेसिलकडे जाऊन आली. ते म्हणाले, चर्च त्या लग्नाला आशीर्वाद देऊ शकत नाही, आणि बेकरीबद्दल चर्चनं काही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, वा, अंगाला झळ लागू न देता आगीतून कसं चालावं ते फादरांकडून शिकावं. मिला म्हणाली, “त्यांना नको बोलूस. खरं तेच बोलले ते. पुढचं मला एकटीला करायचंय.”

मग एलिंगहॅम पुन्हा उगवला. कुठून कळलं देव जाणे, पण गडी खुशीत होता. दोन्ही हात चोळत.

“मिसेस टिर्पाक, तुम्ही फार धीरानं वागलात! आता त्यांनी तक्रार केली की आपण तयार आहोत. नाही केली तरी आपणच आधी कोर्टात जाऊ. तुमच्यासारखी साधी, श्रद्धाळू विधवा... लोकांच्या काळजाला भिडेल. फक्त ऑर्डर देणारीचं आणि तिच्या जोडीदाराचं नाव मला द्या.”

“कशाला?”

“कागदावर यायला हवं ना.”

मिला त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळेना, आणि मला भीती वाटली. हो म्हणाली तर थेक्लाचं नाव टीव्हीवर, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या तोंडी. ती पोर पुन्हा या गावात पाऊल टाकणार नाही.

“मिस्टर एलिंगहॅम,” मिला म्हणाली, “नावं मी फक्त पिठाला सांगते.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही इतक्यांदा आलात, एकदाही काही विकत घेतलं नाहीत. निघा आता.”

त्याचा कागद तिनं ट्रेखाली अंथरला. लोण्याचे डाग झेलायला तेवढा तरी कामाला आला. मला वाटलं, सुटलो! आता करेल फोन, सगळं गोड होईल. कसचं काय. दिवसामागून दिवस गेले, बाई हूं की चूं करेना. माझा संशय पुन्हा जागा झाला: वकील नको म्हणून हाकलला, पण मत तेच आहे हिचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारचं काम उरकल्यावर तिनं आईचे चिमटे काढले. एकेक पुसला. लोणी कापलं, पीठ मळलं. मी काउंटर पुसायचं सोंग करत मागच्या दारात उभी. ऑर्डर तर कुणाचीच नव्हती. तिनं अंगठ्यानं क्रूस काढला.

“देवा,” ती म्हणाली, “थेक्ला आणि...”

आणि थांबली. मला वाटलं, अडलं गाडं, आलं देवाचं लग्न आडवं. पण ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

“ड्रागा, त्या मुलीचं नाव काय?”

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मलाही माहीत नव्हतं. ट्रकच्या खिडकीत तोंड घालून मी हे विचारलं, ते विचारलं, पण तुझं नाव काय बाई, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

“विचारलं होतं मी तिला,” मिला म्हणाली. “पण पकडायला विचारलं होतं.”

तिनं पिठाच्या हातानंच फोन उचलला. भिंतीवरचा जुना फोन, पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येतो.

“थेक्ला, मी बोलतेय.”

“बोल, नानाश्का.”

“तिचं नाव काय?”

“कशाला हवंय?” पोरीचा आवाज सुरीसारखा आला. “तुझ्या वकिलाला द्यायला?”

मिलानं भिंतीला हात टेकला. तिच्यावर कोणी इतका संशय घ्यावा, आणि तोही थेक्लानं! पण तिनं कांगावा केला नाही. चुकीचा नव्हताच तो.

“वकिलाला हाकललं. पिठाला सांगायचंय.”

“तू येणार आहेस उद्या?”

“नाही.” मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, निदान आज तरी गोड बोल! पण ती मिला. “मी येणार नाही, थेक्ला. मला जे शिकवलं ते मी सोडलेलं नाही. तुझ्याशी खोटं बोलून तुझ्या टेबलाशी उभं राहायचं नाही मला. तिनंही माझ्याशी खोटं बोलायचं टाळलं.”

“मग प्रार्थना कशासाठी करणार आहेस? आमच्यासाठी, की आमच्या लग्नासाठी?”

“मला नाही माहीत,” मिला म्हणाली. आता ती उघड रडत होती. “खरंच नाही माहीत गं. पण तुझ्या नावापुढं मला जागा रिकामी नाही सोडवत. तू या घरात एकटी होतीस, मी बघितलंय. पीठ गरम होतंय. नाव सांग.”

फोनवर कुजबुज झाली. मग दुसराच आवाज आला, शांत, त्या दुपारी दुकानात ऐकलेला.

“मी रोवेना.”

“रोवेना,” मिला म्हणाली. “त्या दिवशी तुला बस म्हटलं नाही मी. चुकलं माझं.” आणि फोन ठेवला.

क्रूस पुन्हा काढला. पुढं ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी पुढं सरकले तर म्हणाली, “भट्टी बघ, करपेल.” भट्टीत काही नव्हतंच. मला आजही संशय आहे की ती दार उघडं ठेवायचं वाक्य पूर्ण म्हणाली. विचारलं की विषय बदलते.

शनिवारी ताट घेऊन मी गेले. हॉल रंगीत कागदांनी सजवलेला, टेबल गच्च भरलेलं, कारखान्यातले म्हातारे आधीच खिसे भरत होते. मधोमध बघितलं. तिथं रिकामी पांढरी प्लेट होती. आमंत्रण पाठवतानाच ठरवलं असणार त्यांनी. मिला जिवंत असताना तिची मेलेल्यांची प्लेट मांडलेली.

थेक्ला पांढऱ्या पोशाखात धावत आली. तिनं ताट बघितलं, एक लेडी लॉक उचलून आत डोकावली, चिमट्याच्या खाचेची खूण बघितली आणि रडायलाच लागली. मग तिनं ती प्लेट उचलली आणि माझे हात मोकळे केले. ताट मध्ये गेलं. प्लेट कुठं ठेवावी ते दोघींनाही सुचेना. शेवटी तिनं ती माझ्या पिशवीत घातली.

दुकानात येऊन मी ती मिलापुढं ठेवली. लपवायला हवी होती का? असेल. पण लपवाछपवीचा मला वीट आला होता.

“हे काय?”

“तुझी जागा. मांडून ठेवली होती.”

तिला कळलं. ती खुर्चीवर बसली, प्लेट मांडीवर घेतली आणि स्वच्छ प्लेट पदरानं, म्हणजे एप्रनच्या टोकानं, पुसत राहिली.

रविवारी चर्च सुटल्यावर ती टेकडीवरून खाली आली ती सरळ बेकरीत. प्लेटवर अक्रोडाचा रोल ठेवला, वर फडकं बांधलं. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

“गाडी काढ, ड्रागा.”

“कुठं?”

“कोलंबसला. प्लेट त्यांची आहे, त्यांना नको का परत करायला?”

“पोस्टानं पाठव,” मी मुद्दाम म्हटलं.

“फुटेल,” मिला म्हणाली आणि प्लेट दोन्ही हातांत धरून गाडीत जाऊन बसली.